आधी लॉगिन ठरवा, मग ॲप: आयडेंटिटी सॉफ्टवेअर आणि ॲप प्लॅटफॉर्म निवडण्याचा योग्य क्रम

सांगली, मिरज, कुपवाड एमआयडीसी, तासगाव या भागातल्या संस्थांची ॲपची कोटेशन्स माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकांत चूक तीच असते. फ्लटर घ्यायचे की रिॲक्ट नेटिव्ह (ही ॲप बनवायची दोन साधने), यावर तीन पाने, आणि लॉगिनबद्दल शेवटच्या पानावर एक ओळ: 'मोबाइल ओटीपी लॉगिन समाविष्ट'. मग वर्षभरात तक्रारी सुरू होतात. ओटीपी येत नाही, नंबर बदलला की खाते हरवते, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन चालूच राहते.

क्रम उलटा करा. ॲपचा कोड दोन-तीन वर्षांनी नव्याने लिहिता येतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण चार हजार शेतकऱ्यांची खाती एका आयडेंटिटी सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात हलवायची वेळ आली, तर त्यातल्या निम्म्या लोकांना फोन करून समजावत बसावे लागते. जे बदलणे अवघड, ते आधी आणि सावकाश ठरवायचे.

या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत. आयडेंटिटी सॉफ्टवेअर 'हा माणूस कोण आणि त्याला काय बघायची मुभा आहे' एवढेच सांभाळते. ॲप प्लॅटफॉर्म फोनवरचा पडदा तयार करतो. म्हणून तुलनेचे दोन वेगळे कागद करा. एकाच तक्त्यात दोन्ही कोंबले की किमतीचा रकाना सोडून दुसरे कुणी काही वाचत नाही.

उदाहरण म्हणून पूर्ण लेखात बेदाण्याचे एक कोल्ड स्टोअरेज धरतो: शेतकरी बॉक्स ठेवतात, व्यापारी सौद्यात माल घेतात, ऑफिस पावत्या करते. तुमचा दूध संघ असो, क्लास असो की हळदीची अडत, पायऱ्या याच.

## टप्पा १: माणसांची यादी करा

एक वही घ्या. संगणक नंतर. प्रत्येक प्रकारच्या माणसासाठी एक पान ठेवा: शेतकरी, खरेदीदार व्यापारी, अडत्या, वजनकाट्यावरचा माणूस, ऑफिसमधला क्लार्क, मालक, हिशेब तपासणारा सीए. प्रत्येक पानावर पाच गोष्टी लिहा.

१. असे लोक किती?
२. वर्षातून कोणत्या महिन्यांत ते लॉगिन करणार?
३. त्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे का?
४. त्यांना काय दिसले पाहिजे आणि काय दिसता कामा नये?
५. तो माणूस सोडून गेला, वारला किंवा त्याने व्यवहार बंद केला, तर त्याचे खाते कोण आणि कधी बंद करणार?

तिसऱ्या मुद्द्यावर थांबा, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. आपल्याकडे सातबारा वडिलांच्या नावावर, पावती आईच्या नावावर, फोन मुलाचा आणि मुलगा नोकरीला पुण्यात, हे नेहमीचे चित्र आहे. म्हणजे एका नंबरामागे तीन खातेदार आणि एका खात्याकडे बघणारी दोन माणसे. 'मोबाइल नंबर म्हणजेच खाते' अशी रचना केलेली प्रणाली इथे पहिल्याच हंगामात अडते. खात्याला स्वतःचा वेगळा, कधीही न बदलणारा क्रमांक असला पाहिजे. मोबाइल नंबर ही त्या खात्याला जोडलेली आणि बदलता येणारी गोष्ट.

नंबर कायमचा नसतो याचे आणखी एक कारण आहे. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तुमच्या प्रणालीत तो जुन्याच शेतकऱ्याला जोडलेला राहिला, तर नव्या माणसाला ओटीपी जाईल आणि भलत्याच्या पावत्या उघडतील.

दुसरा मुद्दा पैशांशी जोडलेला आहे. बरीच आयडेंटिटी सॉफ्टवेअर 'महिन्यात किमान एकदा लॉगिन केलेले वापरकर्ते' मोजून बिल करतात. बेदाण्याचा माल येतो तेव्हा, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, गर्दी; पावसाळ्यात शुकशुकाट. तुमचा सरासरी आकडा काय ते महत्त्वाचे नाही. सगळ्यात गर्दीच्या महिन्याचा आकडा लिहून ठेवा, टप्पा ४ मध्ये तोच लागेल.

तपासा: पाचव्या मुद्द्यासमोर प्रत्येक पानावर एका माणसाचे पद लिहिलेले आहे का? 'ऑफिस बघेल' हे उत्तर नाही. ते पद लिहून होईपर्यंत पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा २: जुनी माहिती साफ करा

जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधली मराठी नावे बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत, नसतात. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. पडद्यावर 'पाटील' दिसते, पण फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरे उमटतात. रूपांतर आधी करा आणि निदान दोनशे नावे माणसाने डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरे आणि रफार इथे हमखास बिघडतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक सापळा उरतो. 'कुऱ्हाडे' मधला 'ऱ' दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध घेतला की नाव सापडत नाही. डेव्हलपरला सांगा, साठवण्याआधी सगळी नावे एनएफसी या युनिकोड प्रकारात आणा. 'ॲड.' मधला 'ॲ' मात्र त्यानेही सुटत नाही. तो एक अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि 'अ' वर चंद्र देऊनही, आणि युनिकोड या दोहोंना समान मानत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहून घ्यावा लागतो.

मोबाइल नंबरांची यादी काढा आणि एकापेक्षा जास्त वेळा आलेले नंबर वेगळे करा. बऱ्याच संस्थांत नंबर नसलेल्या सभासदांपुढे क्लार्कने स्वतःचा किंवा ऑफिसचा नंबर टाकलेला असतो.

इशारा: तो नंबर तसाच राहिला तर ॲप सुरू होताच ऑफिसमधल्या एका फोनवर शंभर खाती उघडता येतील.

आधार क्रमांक ओळखीची किल्ली म्हणून वापरायचा मोह टाळा. खासगी संस्थांना कराराच्या आधारे आधार पडताळणीची मुभा देणारा कायद्यातला भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केला आहे. सभासद क्रमांक किंवा खातेक्रमांक पुरेसा असतो.

## टप्पा ३: कोण कसे लॉगिन करणार ते ठरवा

सगळ्यांना एकच पद्धत लावू नका.

शेतकरी आणि व्यापारी. यांच्यासाठी एसएमएस ओटीपी ही रूढ पद्धत आहे आणि तीच ठेवावी लागेल. पण भारतात व्यावसायिक एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी (कोण कोणता संदेश पाठवणार याची मोबाइल कंपन्यांकडची नोंद) लागते. आधी संस्थेची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारे छोटे नाव), मग संदेशाचा नमुना. नोंदवलेल्या नमुन्यात आणि प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशात एखादे चिन्ह जरी वेगळे असले तरी संदेश अडतो. ॲप तयार, उद्घाटनाची तारीख ठरलेली आणि ओटीपी येत नाही, अशी वेळ मी तीन ठिकाणी पाहिली आहे. तिन्ही ठिकाणी कारण हेच होते. डीएलटीचा अर्ज या टप्प्यातच करा.

नोंदणी संस्थेच्या नावावर असू द्या, डेव्हलपरच्या नावावर नको. डेव्हलपर बदलला की हेडर त्याच्याबरोबर जातो.

मराठीत ओटीपी पाठवायचा असेल तर लांबी मोजा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, वेलांटी, हलन्त यांची गणना स्वतंत्र होते. सत्तरच्या पुढे गेलात की एका ओटीपीला दोन एसएमएसचे पैसे पडतात. आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, म्हणजे फोन ते आपोआप उचलू शकतो.

याची दुसरी बाजू कुणी तपासत नाही. मराठी कीबोर्ड लावलेल्या फोनवर माणूस ओटीपीच्या चौकटीत '४७२९' असे देवनागरी आकडे टाकतो आणि ॲप म्हणते, 'चुकीचा ओटीपी'. ॲपने दोन्ही लिपींतले आकडे स्वीकारलेच पाहिजेत. काम दहा मिनिटांचे आहे, पण डेव्हलपर स्वतः इंग्रजी कीबोर्ड वापरत असल्याने त्याला ते सुचत नाही.

ऑफिसचे कर्मचारी आणि मालक. यांना फक्त ओटीपी पुरत नाही. पासवर्ड आणि ऑथेंटिकेटर ॲपचा दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड, किंवा फोनवर चालत असेल तर पासकी (पासवर्डऐवजी फोनचेच कुलूप, म्हणजे बोटाचा ठसा किंवा पिन, वापरून लॉगिन). दर बदलण्याचा किंवा पावती रद्द करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याचे लॉगिन सिमकार्डावर अवलंबून राहता कामा नये.

वजनकाटा. इथे एकच टॅब आणि पाळीनुसार तीन माणसे असतात. तिघांना एकच लॉगिन देण्याची पद्धत सर्रास आहे आणि तीच सगळ्या वादांचे मूळ. प्रत्येकाला स्वतःचा पिन द्या, म्हणजे कोणते वजन कुणी टाकले ते कळेल.

इशारा: ओटीपी फक्त +९१ नंबरांवर जाईल अशी मर्यादा घाला आणि एका नंबराला तासाला किती ओटीपी जातील तेही ठरवा. ही मर्यादा नसलेल्या ॲपवर परदेशी महागड्या नंबरांना हजारो ओटीपी मागवून बिल फुगवणाऱ्या टोळ्या असतात.

## टप्पा ४: आयडेंटिटी सॉफ्टवेअरची तुलना

आता पहिला कागद. एका बाजूला नावे: कीक्लोक, फायरबेस ऑथेंटिकेशन, ॲमेझॉन कॉग्निटो, ऑथ-झिरो, मायक्रोसॉफ्ट एंट्रा. दुसऱ्या बाजूला खालचे प्रश्न, आणि याच क्रमाने.

पहिला प्रश्न: बाहेर कसे पडता येईल? खाती पासवर्डसकट बाहेर काढता येतात का, हे सगळ्यात आधी विचारा. पासवर्ड मूळ रूपात कुठेच साठवलेला नसतो, त्याचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा सांकेतिक ठसा, असतो. कीक्लोकमधून खाती हॅशसकट निर्यात होतात. फायरबेसमधूनही होतात, पण तिथली हॅशची पद्धत हा 'scrypt' या पद्धतीचा गुगलने बदललेला प्रकार आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रणालीला तो समजेल का ते बघावे लागते. कॉग्निटो पासवर्डचे हॅश देतच नाही. बाहेर पडायचे तर प्रत्येकाला नवा पासवर्ड घ्यायला लावावा लागतो. तुमचे बहुतेक लोक ओटीपीवाले असतील तर हा त्रास कमी, कर्मचारी पासवर्डवाले असतील तर जास्त. वही उघडा आणि आकडे बघून ठरवा.

दुसरा: प्रमाणित पद्धत आहे का? ओपनआयडी कनेक्ट आणि ओॲथ २.० (ॲप आणि लॉगिनचे सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे, याचे ठरलेले नियम) हे शब्द कागदावर असलेच पाहिजेत. ओपनआयडी कनेक्ट २०१४ पासून आहे आणि सगळी मोठी सॉफ्टवेअर ते बोलतात. डेव्हलपर 'आम्ही स्वतःचे लॉगिन लिहून देतो' म्हणाला तर नकार द्या, कितीही स्वस्त असले तरी. ॲप उद्या बदलले तरी लॉगिन जागेवर राहते ते या प्रमाणित पद्धतीमुळेच.

तिसरा: गर्दीच्या महिन्याचे बिल किती? टप्पा १ चा आकडा इथे घाला. कंपन्या मोफत मर्यादा बदलतात हे धरून चाला. कॉग्निटोने नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या ग्राहकांसाठी महिन्याची मोफत मर्यादा ५०,००० वापरकर्त्यांवरून १०,००० वर आणली. आणि एसएमएसचा खर्च नेहमी वेगळा धरा. 'मोफत'मध्ये तो नसतो.

चौथा: कोण सांभाळणार? कीक्लोकला परवान्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून कोटेशनमध्ये ते आकर्षक दिसते. पण त्याला सर्व्हर लागतो, डेटाबेस लागतो, आणि वर्षात अनेकदा येणाऱ्या नव्या आवृत्त्या बसवणारा माणूस लागतो. एक जीबी रॅमच्या स्वस्त सर्व्हरवर ते टाकू नका, साधारण सव्वा जीबी तर त्याला स्वतःलाच लागते. शिवाय कीक्लोकमध्ये एसएमएस ओटीपी मुळात नसते, वेगळे प्लगइन लिहून किंवा आणून जोडावे लागते. बऱ्याच कोटेशन्समध्ये हा खर्च धरलेलाच नसतो. उलट मराठी लॉगिन पान हवे असेल तर कीक्लोक सोपे आहे: मराठी शब्दांची एक फाइल बनवली की काम होते.

माझे मत सांगतो. महिन्याला निश्चित पैसे घेऊन सर्व्हर सांभाळणारा भरवशाचा माणूस सांगली-मिरजेत तुमच्या हाताशी असेल तर कीक्लोक घ्या. नसेल तर कंपनीने चालवलेली सेवा घ्या आणि तिचे पैसे विना तक्रार भरा. कुणी न सांभाळलेला कीक्लोक ही सगळ्यात वाईट निवड.

पाचवा: माहिती कुठे राहते? कॉग्निटोसाठी मुंबईचे केंद्र निवडता येते. फायरबेस ऑथेंटिकेशन अमेरिकेतल्या केंद्रांतून चालते. तुमच्या वकिलाला किंवा सीएला ते चालते का, आताच विचारा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. संमतीची सूचना माणसाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी मजकूर तयार ठेवा.

सहावा: नोंदी किती दिवस राहतात? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. स्वस्त प्लॅनमध्ये लॉगिनच्या नोंदी काही दिवसांतच पुसल्या जातात. त्या रोज बाहेर काढून साठवायची सोय आहे का, बघा.

तपासा: या सहा प्रश्नांची उत्तरे लेखी घेतली का? विक्री करणाऱ्याने फोनवर दिलेला होकार कागदावर धरू नका.

## टप्पा ५: ॲप प्लॅटफॉर्मची तुलना

हा टप्पा मी मुद्दाम आटोपता ठेवतो. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, डॉटनेट माउई, आयोनिक आणि कपॅसिटर, यांतल्या कशानेही पावत्या दाखवणारे ॲप उत्तम होते. वेगाच्या तुलनांमध्ये वेळ घालवू नका. चार गोष्टी बघा.

- माणसे कोणती मिळतात? डेव्हलपर उद्या सोडून गेला तर त्याच प्लॅटफॉर्मवर काम करणारा दुसरा माणूस सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात महिन्याभरात मिळेल का? सध्या फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह या बाबतीत पुढे आहेत.
- जुने फोन. रिॲक्ट नेटिव्ह ०.७६ पासून अँड्रॉइड ७ च्या खालचे फोन चालत नाहीत. टप्पा १ च्या यादीतल्या वीस जणांना फोनची आवृत्ती विचारा.
- लॉगिनची लायब्ररी (ॲपमध्ये जोडायचा आयता कोड). निवडलेल्या आयडेंटिटी सॉफ्टवेअरशी ओपनआयडी कनेक्टने बोलणारी, अलीकडे अद्ययावत झालेली लायब्ररी आहे का? ॲपऑथ ही लायब्ररी अँड्रॉइड आणि आयफोनसाठी आहे, आणि फ्लटर व रिॲक्ट नेटिव्हला ती जोडून घेणारी पॅकेजेस मिळतात.
- आयफोन खरेच हवा का? आयफोनचे ॲप तयार करायला मॅक लागतो आणि ॲपलची वार्षिक फी ९९ डॉलर. व्यापाऱ्यांपैकी काही जणांकडेच आयफोन असेल तर पहिल्या वर्षी त्यांना वेबसाइट द्या. लॉगिन आधी नीट ठरवल्यामुळे तेच खाते तिथेही चालेल.

झामरिन या जुन्या ॲप प्लॅटफॉर्मवर बनवलेले ॲप असेल तर त्यावर नवे काम सुरू करू नका. मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ ला त्याचा आधार थांबवला आहे.

जत, आटपाडी किंवा शिराळ्याच्या डोंगरी भागातले लोक यादीत असतील तर रेंज नसताना ॲप काय दाखवणार, तेही इथेच ठरवा. शेवटची पावती फोनवर साठवून दाखवता येते. ती साठवायची तर फोनमध्ये कूटबद्ध करूनच, कारण एकच फोन घरातले चौघे वापरतात.

## टप्पा ६: दोन्ही जोडून पंधरा दिवस चालवा

करार करण्याआधी हा टप्पा पूर्ण करा. डेव्हलपरला या पंधरा दिवसांचे पैसे द्या, फुकट करून मागू नका. ॲपमध्ये फक्त लॉगिन, एक पावती आणि लॉगआउट, एवढेच हवे. मग हे करून बघा.

१. लॉगिनचे पान कुठे उघडते? ते फोनच्या ब्राउझरमध्ये उघडले पाहिजे, ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये नाही. मोबाइल ॲपसाठी ओॲथ कसे वापरावे, हे सांगणाऱ्या २०१७ च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हेच सांगितले आहे. वेबव्ह्यूमध्ये गुगल लॉगिन तर चालतच नाही, गुगल ते अडवते.

२. पीकेसीई (लॉगिनचा कोड मध्येच कुणी पळवला तरी त्याला तो वापरता येऊ नये यासाठीची सोय) चालू आहे का आणि ॲपमध्ये गुप्त किल्ली तर नाही ना? ॲपची फाइल कुणालाही उघडून बघता येते. तिच्यात ठेवलेले 'क्लायंट सीक्रेट' गुप्त राहत नाही. डेव्हलपरला सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

३. किती वेळाने पुन्हा लॉगिन मागते? कीक्लोकची मूळ सेटिंग अशी की अर्धा तास ॲप वापरले नाही तर सत्र संपते. बँकेला ते योग्य, शेतकऱ्याला नाही. आठवड्यातून एकदा ॲप उघडणाऱ्याला दर वेळी ओटीपी मागितला की तो ॲप काढून टाकतो आणि एसएमएसचे बिलही वाढते. शेतकऱ्यांना ३० ते ९० दिवस आणि कर्मचाऱ्यांना एक पाळी, अशी वेगवेगळी मुदत ठेवता येते का ते करून बघा.

४. फोन बदलला तर? जुन्या अँड्रॉइडचा बॅकअप नव्या फोनवर उतरवा आणि ॲप उघडा. कूटबद्ध केलेले टोकन (लॉगिन झाल्याचा फोनवर ठेवलेला पुरावा) बॅकअपमधून येते, पण ते उलगडायची किल्ली जुन्या फोनच्या कीस्टोअर या सुरक्षित कप्प्यातच राहते. नीट न हाताळलेले ॲप इथे उघडताच बंद पडते. लॉगिनची माहिती बॅकअपमधून वगळायला सांगा.

५. नंबर बदलला तर? ऑफिसमधला क्लार्क नंबर बदलू शकतो का, आणि त्याने बदलला तर जुन्या नंबरावर सूचना जाते का? मालकाच्या मंजुरीशिवाय बदल होत असेल तर ती पळवाट आहे.

६. माणूस बंद केला तर? एका कर्मचाऱ्याचे खाते बंद करा आणि त्याच्या हातातल्या उघड्या ॲपमध्ये काय होते ते घड्याळ लावून बघा. टोकनची मुदत ५ ते १५ मिनिटांची असेल तर तेवढ्यात तो बाहेर पडला पाहिजे. मुदत २४ तासांची ठेवलेली असेल तर कामावरून काढलेला माणूस दिवसभर दर बघत राहील.

तासगावकडच्या एका कोल्ड स्टोअरेजसाठी मी सल्ला देत होतो तेव्हा सहावी चाचणी माझ्याकडून राहिली. काट्यावरून काढलेल्या माणसाचा टॅब तीन दिवस चालू होता. त्याने काही केले नाही. पण मालकाने मला विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून ही चाचणी मी स्वतः हजर राहून करतो.

तपासा: सहाही चाचण्या मध्यम दर्जाच्या, दोन-तीन वर्षे जुन्या फोनवर केल्या का? डेव्हलपरच्या नव्या फोनवरचा निकाल धरू नका.

## टप्पा ७: स्टोअरची खाती

प्ले स्टोअरचे खाते संस्थेच्या नावावर काढा. फी एकदाच, २५ डॉलर. संस्थेच्या खात्याला डी-यू-एन-एस क्रमांक (व्यवसायांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो आणि तो मिळायला काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून अर्ज टप्पा ३ च्या सुमारासच करा. घाईत वैयक्तिक खाते काढलेत तर दुसरी अट येते: १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांना ॲप खुले करण्याआधी किमान १२ परीक्षकांबरोबर सलग १४ दिवस बंद चाचणी करावी लागते.

ॲपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते मिटवण्याची सोयही ॲपमध्येच हवी. ॲपलने ३० जून २०२२ पासून हे सक्तीचे केले आहे. गुगलला त्याशिवाय वेबवरची लिंकही लागते. मिटवणे म्हणजे हिशेबाच्या पावत्या नष्ट करणे नव्हे; कायद्याने ठेवायच्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि तसे त्या पानावर मराठीत लिहा.

इशारा: स्टोअरच्या तपासनिसाला तुमचा ओटीपी मिळत नाही. एक चाचणी नंबर आणि त्याचा ठरलेला कोड तयार करून अर्जात लिहा, नाहीतर 'लॉगिन करता आले नाही' म्हणून ॲप परत येते. त्या खात्यात फक्त खोटी माहिती ठेवा.

## टप्पा ८: लोकांच्या हातात देणे

हंगामात सुरुवात करू नका. बेदाण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, माल येण्याआधी तीन-चार महिने हातात राहतात.

कीक्लोक किंवा दुसरे काही स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणार असाल तर तो सर्व्हर ऑफिसच्या तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले होते. संगणक तर गेलेच, त्यांच्या शेजारच्या कपाटातला बॅकअपही गेला. बॅकअपची एक प्रत सांगलीबाहेर हवी, आणि तिच्यातून प्रणाली पुन्हा उभी करून बघितलेली हवी.

आणीबाणीसाठी मालकाचे एक वेगळे प्रशासक खाते ठेवा. ते ओटीपीवर अवलंबून नसावे. पासवर्ड आणि पुन्हा प्रवेशाचे कोड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, सही करून तिजोरीत ठेवा. पाकीट उघडले गेले तर नोंद झाली पाहिजे.

मग लोक जोडा, तेही सगळे एकदम नाही.

१. पहिल्या आठवड्यात ऑफिस आणि वजनकाटा.
२. दुसऱ्या आठवड्यात ओळखीचे वीस-पंचवीस शेतकरी, त्यात निदान पाच जण असे की ज्यांच्या घरात एकच फोन आहे.
३. नंतर एका वेळी एक गाव. गावात स्वतः जा किंवा सोसायटीच्या कार्यालयात बसा. नंबर आणि खाते जुळते का ते पावतीपुस्तक समोर ठेवून तिथेच तपासा.
४. व्यापारी शेवटी. त्यांना दर दिसतात, म्हणून अधिकारांची चाचणी आधी पूर्ण झालेली असली पाहिजे.

जुनी पद्धत, म्हणजे कागदी पावती, पहिला हंगाम पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. वयस्कर माणसाला 'आता ॲपमध्येच बघा' असे सांगून खिडकीवरून परत पाठवू नका.

पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी आयडेंटिटी सॉफ्टवेअरमधून फसलेल्या लॉगिनची यादी काढा. तीन गठ्ठे होतील: ओटीपी पोहोचलाच नाही, ओटीपी चुकीचा टाकला, नंबर नोंदलेलाच नाही. पहिला गठ्ठा डीएलटी आणि एसएमएस कंपनीकडे, दुसरा डेव्हलपरकडे, तिसरा टप्पा १ च्या वहीकडे. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन करा.